औषध लागलं

मित्रांनो, मी मलमाची अर्धी वापरलेली ट्यूब आहे. उरलेलं अर्धं अजून माझ्या पोटात आहे आणि दुःख तेच आहे.

कारखान्यात माझ्यात औषध भरून शेपटीला चिमटा काढला, आणि मी भोपाळला शाहपुऱ्यात प्रभाकरकाकांच्या घरी आले. काका निवृत्त इंजिनिअर. तीस वर्षं उन्हात उघड्या डोक्याने ट्रान्सफॉर्मर तपासले. नाकाशेजारी मसुराएवढा लाल डाग उठला. त्वचेचा कर्करोग, पण वरवरचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा आठवडे दोन्ही वेळा लावा. कातडी लाल होईल, जळजळेल, खपली धरेल. आपल्या मनाने थांबवू नका.

पहिले दोन आठवडे माझं कौतुक झालं, कारण दिसण्यासारखं मी काहीच केलं नव्हतं. तिसऱ्यात डाग पेटला, सोलला, पाझरू लागला. जिथे डाग नव्हता तिथेही लाली उठली. रोग तिथेही दडला होता.

"लाल होईल म्हणाले होते," काका आरशाकडे बघत म्हणाले.

"लाल म्हणाले होते. सोललेला टोमॅटो नव्हते म्हणाले!" काकू ओरडल्या.

लीलाकाकू मूळच्या नागपूरच्या. घाबरल्या की हिंदी बोलतात, पण मराठीतून. त्यांनी दवाखान्यातल्या शैलेंद्रला फोन लावला.

"भैया, साहब को दवा लग गई!"

"लग गई? बहुत बढ़िया, आंटी! यही तो चाहिए था."

हिंदीत दवा लागते म्हणजे गुण येतो. मराठीत लागतं म्हणजे इजा होते. काकूंनी फोन आपटला. "मेला हसतोय! आता बोटसुद्धा लावायचं नाही."

तीन आठवडे बाकी असताना मी ड्रॉवरमध्ये गेले.

खपली पडली, गुलाबी कातडी आली. शेजारची विनिता म्हणाली, "काका, काय चेहरा उजळलाय!" श्रेय खोबरेल तेलाला मिळालं. पुन्हा दाखवायला कोणी गेलं नाही.

पण मी त्या कातडीखाली जाऊन आले आहे. तिथे कोण उरलंय, मला ठाऊक आहे. अंधारात पडल्या पडल्या मला ते ऐकू येतात, एकाचे दोन होताना. त्यांना घाई नसते.

म्हणून सांगते, मित्रांनो. औषधाने त्रास झाला तर जरूर घाबरा, पण डॉक्टरांसमोर जाऊन घाबरा. चेहरा दाखवा, फोनवर सांगू नका. आणि बरं दिसलं तरी पुन्हा दाखवा.

आज सकाळी दाढी करताना काकांनी नाकाशेजारी बोट ठेवलं. साबण धुऊन पुन्हा ठेवलं. नळ तसाच वाहत राहिला.

"अहो, चहा गाळू का?"

"राहू दे," काका म्हणाले. "लीला, ती दवाखान्याची फाइल कुठे ठेवलीस?"