उपाशी चौक

मी भिंत बोलतेय. भिंतीला कान असतात असं तुम्हीच म्हणता. तोंडही असतं, पण ते उघडायला तसंच कारण लागतं.

जव्हारहून साखरशेताकडे येताना जी शाळा लागते, तिची मी पश्चिमेकडची भिंत. पोटात कारवीच्या काठ्या, अंगावर माती, भाताचा तूस आणि शेण. फागू आणि रखमीनं मला लिंपलं. त्यांची सपना तेव्हा चिखल तुडवायला यायची. आता ती याच शाळेत नववीत आहे.

एप्रिलमध्ये पत्र्याखाली माणसं भाजून निघतात, पण माझ्या आडोशाला मुलं पंख्यावाचून गणितं सोडवतात. तापलेली हवा वरच्या झरोक्यांतून निघून जाते. शहरातले पाहुणे मला हात लावून "किती गार!" म्हणतात. खोटं कशाला बोलू, ऐकून मी फुगायची.

इथे सगळं चित्रांतून, गाण्यांतून शिकवतात. पाहुणे यायचे होते तेव्हा भूमितीच्या वर्षाबाई म्हणाल्या, "लग्नात भिंतीवर काढतात तो चौक काढू या. चौरस, समांतर रेषा, सगळं त्यात आहे." सपनानं तांदळाच्या पिठानं माझ्यावर चौक काढला आणि मधली जागा रिकामी ठेवून थांबली.

"बाई, इथं पालघट देवी असते. पण ती लगीन असलं तरच काढायची."

"अगं, हे चित्रच आहे ना? पूर्ण कर."

बाईंच्या मनात वावगं काही नव्हतं. सपनानं देवी काढली, आणि मी एक रेघसुद्धा ओघळू दिली नाही.

पाहुणे खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी फागू आला आणि चौक बघून मटकन खाली बसला.

"देवी कुनी बसवली?"

"मी, बा."

"मग आता लगीन लागलं पाहिजे. चौक उपाशी ठेवायचा नाय. घरावर येतं."

आणि जिनं देवी बसवली तिचंच लगीन, असं त्यानं मनाशी धरलं. दाभोशाचं एक स्थळही त्यानं बोलून दाखवलं.

"चूक माझी आहे, फागूदादा," बाई म्हणाल्या. "मी पुसून टाकते. पोर अजून लहान आहे, कायद्यानंही चालत नाही."

"कायद्याला मी नाय म्हणत नाय. पन देवीला काय सांगू? बसवलेली देवी पुसता?"

पुसायला उचललेला बाईंचा हात खाली आला. सपना मला पाठ टेकून रडत राहिली. मला इतकं अपराधी कधी वाटलं नव्हतं. वेळेवर एक पोपडा टाकला असता तर काय बिघडलं असतं? पण मला मजबुतीचा तोरा!

मग बाईंनी पोशी आजीला आणलं. ती धवलेरी, लग्नात देवीची गाणी गाणारी. तिनं चौक पाहिला, मग फागूला पाहिलं.

"तुझं लगीन झालंय का रं?"

इकडे जोडपी आधी नांदायला लागतात, विधी पुढे सवडीनं होतो. फागू-रखमीला ती सवड कधी मिळालीच नव्हती.

"आईबापाच्या आधी पोरीचं लगीन कुठं लागतं?" आजी म्हणाली. "ह्यो चौक तुझाच."

फागूच्या मागे उभ्या रखमीनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही लपलं नाही.

लग्न माझ्यासमोरच लागलं. आजी गायली, तारपा वाजला, सपनानं आईबापाला हळद लावली. पोरगी सुटली म्हणून बाईंनी डोळे पुसले. मीही मोकळा श्वास घेतला.

निघताना फागूनं देवीपुढे डोकं टेकलं आणि भाबडेपणानं म्हणाला, "बेस झालं. आता पोरीच्या लग्नाला काय आडकाठी नाय."

बाई जागच्या जागी थबकल्या. आईबापाचं राहून गेलेलं लग्नच इतकी वर्षं सपनाच्या लग्नाच्या आड भिंत होऊन उभं होतं. ती आम्ही पाडली, तीही वाजतगाजत.

बाई आता दर रविवारी फागूकडे जातात, दहावीचा विषय काढतात. तो चहा देतो आणि "बघू" म्हणतो. रोज सकाळी सपना वर्गात येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

कधी त्या वाटेनं गेलात तर फागूच्या दारात घटकाभर थांबा. पोरीला शिकू दे म्हणावं. मला पाय नाहीत.