आजचं वजन

भाग्यश्रीने कमरेवर हात ठेवले, गुडघे वाकवले आणि रबरी चटईवरून सरळ वर उडी मारली.

सांगलीच्या या व्यायामशाळेत क्रांती मॅडम वेटलिफ्टिंग करणाऱ्या मुलींवर संशोधन करत होत्या. सगळ्यांना सरसकट एकच सराव द्यायचा नाही. संगणकाला जोडलेल्या चटईवर रोज उडीची उंची मोजायची, त्यावरून शरीर किती ताजंतवानं आहे ते बघायचं आणि जिचं तिला त्या दिवसाचं वजन ठरवून द्यायचं.

आज उडी मुद्दाम कमी मारायची, असं भाग्यश्री घरूनच ठरवून आली होती. पंधरवड्यापूर्वी डोक्यावर तोललेला रॉड मागे निसटला आणि मानेला घासून खाली आदळला. काळजीचं काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण तेव्हापासून रॉडला हात लावायचीही तिला भीती वाटे. राज्य स्पर्धा तर तोंडावर आलेली. शिकवणारे वडीलच, आदगोंडा. त्यांनी त्या दिवसाचा विषयही काढला नव्हता. त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? आकडाच खाली आला, की बोलायची वेळ येणार नव्हती.

पण पायांनी ऐकलं नाही.

“आजवरची सगळ्यात उंच उडी,” क्रांती मॅडम संगणकाकडे बघत म्हणाल्या. “काका, आज वजन वाढवायला हरकत नाही.”

भाग्यश्री खाली बसली आणि बुटांचे बंद उगीचच सोडून पुन्हा बांधू लागली. आदगोंडा तिच्याकडे बघत राहिले. मग रॉडपाशी जाऊन त्यावरची वजनाची एकेक प्लेट काढून बाजूला ठेवू लागले.

“काका, वाढवायचंय. पाय ताजे आहेत तिचे.”

“पाय ताजं हाईत, ते मलाबी दिसतंय.”

मॅडम गोंधळल्या. मग त्यांनी खुर्ची वळवली.

“भाग्यश्री, भीती वाटते का?”

“न्हाई,” ती मान खाली घालूनच म्हणाली.

“मला वाटतीया,” आदगोंडा म्हणाले. हातातली प्लेट त्यांनी आवाज न करता खाली ठेवली. “ही वजन डोक्यावर घ्याय लागली, की मी डोळं मिटून घेतोय.”

मॅडमनी आकडा होता तसाच नोंदवला आणि पुढे काय लिहावं ते न सुचून हात मागे घेतला.

भाग्यश्री उठली. रॉडवर आता एकही प्लेट नव्हती. तिने तो उचलून छातीशी घेतला. मग मान वर करून वडिलांकडे बघितलं.

“आप्पा,” ती म्हणाली, “डोळं उघडं ठेवा.”