रामरावांच्या हातातला उजेड

संगणक सुरू केल्या केल्या नाजियाचं डोकं भडकलं. तिच्या चित्रातला उजेड कुणीतरी पुसला होता.

अकोल्यात एका कापडदुकानाच्या माडीवर ती आणि श्रावण मोबाइलच्या खेळांसाठी चित्रं काढत. बारीक चौकोनी ठिपके एकेक करून भरायचे, असलं किचकट काम. पुण्याच्या एका कंपनीला खेड्यातली चांदणी रात्र हवी होती आणि रंग सोळाच वापरायचे होते. निळा रंग फासला की झाली रात्र, असं मानणाऱ्यांची नाजियाला मनस्वी चीड. म्हणून ती मुद्दाम बाळापूरजवळ श्रावणच्या शेतात जाऊन आली होती.

पावसानं दगा दिलेलं साल. विहिरीत होतं तेवढं पाणी हरभऱ्याला द्यायचं, तर शेतीची लाइन, म्हणजे पंपाची वीज, यायची रात्रीच. गावात भारनियमन, घरं काळीठिक्कर, आणि माणसं शेतात. कोरडी काळी माती चांदणं गिळून टाकते, पण सरीत पाणी शिरलं की तेच चांदणं तुकड्यातुकड्यानं वर येतं, हे नाजियानं तिथं डोळ्यांनी पाहिलं. श्रावणचे वडील, रामराव, बॅटरी घेऊन बांधावर उभे होते. तिनं तेच काढलं. खिडक्या अंधारात ठेवल्या आणि शेतात बॅटरीचे चार पिवळे ठिपके दिले. सोळावा रंग तिनं त्या ठिपक्यांसाठीच राखला होता.

आता तिथं नुसतं काळं होतं.

श्रावण चहा घेऊन आला. नाजियानं कपाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काहून पुसला तू? मले विचारलं होतं?"

"राहू दे नं. चित्र तसंच बरं दिसते."

"बरं दिसते? रात्री शेतात कोनी नसते, असं पुण्यावाल्याले वाटन तर वाटू दे. तू तर तिथलाच हायेस! तुया बाप रात्रभर चिखलात उभा राहते, अन् तूच त्याले चित्रातून हाकलून देतं? लाज वाटते का बापाची?"

श्रावणनं कप आदळला. चहा टेबलभर झाला.

"लाज? काल पुण्यावाल्यायचा फोन आल्ता, तू नोयती. खेळ बदलला त्यायनं. आता खेळणाऱ्याच्या हाती बंदूक हाय. अंधारात जिथं उजेड दिसन तिथं गोळी घालाची. उजेड विझला का दहा गुण. तो उजेड कोनाच्या हातात हाय, सांग मले. म्हनून पुसला!"

नाजियाच्या तोंडचं पाणी पळालं. चित्र इतकं जमलं होतं की तिला दम धरवला नव्हता. काल घरूनच तिनं आपल्याकडची प्रत कंपनीला पाठवून दिली होती. उजेडासकट.

ते तिनं श्रावणला सांगितलं. मग तिनं लगेच कंपनीला फोन लावला.

"मॅडम, तुमचाच विषय चाललाय!" पलीकडचा माणूस खुशीत होता. "काय जमलाय तो शेतातला दिवा! सकाळपासून अख्खं ऑफिस तोच विझवतंय."

"तो काढून टाका."

"का? आता खेळच त्याच्यावर उभा आहे."

"तिथं माणूस उभा आहे!" नाजिया ओरडली. "पिकाला पाणी देतोय तो!"

"रात्री?" तो हसला. "अहो, चार ठिपके आहेत ते. एवढं काय मनाला लावून घेता?"

नाजियाच्या तोंडून मग जे निघालं ते खालच्या दुकानात गिऱ्हाइकांनीही ऐकलं. लाज नाही, काळीज नाही, अन्न खाता की माती, सगळं बोलून झालं. पलीकडून फोन कधीच ठेवला गेला होता, तरी ती बोलतच होती.

श्रावणनं गाडीची किल्ली उचलली.

"कुठं चालला?" तिनं विचारलं.

"गावाले. आज लाइन हाय. बाबाले घरी बसवतो, बॅटरी मी धरतो."