पाचव्या कुत्र्याचे माणूस

मी एक जुने चित्र आहे, मित्रांनो. इंग्लंडमधल्या एका साप्ताहिकाचे पान. सव्वाशे वर्षांपूर्वी एका कारागिराने मला लाकडाच्या ठोकळ्यावर कोरले, शाई लावली आणि छापले. माझ्यात खाणकामगारांच्या कुत्र्यांची शर्यत आहे. त्या शर्यतीची रीत अशी, की मालक शेवटच्या रेषेपलीकडे उभा राहून फडके हलवतो, हाका मारतो आणि कुत्रा आपल्या माणसाकडे धावत सुटतो.

माझ्यात कुत्रे पाच आहेत, पण फडकी हलवणारी माणसे चारच. पाचव्या माणसाला जागा उरली नाही, कागद संपला. कुंपणाला रेललेले सगळे प्रेक्षक पहिल्या कुत्र्याकडे बघून ओरडतात. शेवटच्याकडे कोणी बघत नाही.

एका इंग्रजाच्या ट्रंकेतून मी कॅनडातल्या कॅल्गरीला आलो. तो गेल्यावर त्याच्या मुलांनी मला घरातल्या जुन्या सामानाच्या गराज सेलमध्ये स्केट्सशेजारी विकायला ठेवले. तिथून जयंतीने मला घरी आणले.

"अहो, हा शेवटचा बिचारा कुणाकडे धावतोय?" तिने नवऱ्याला, नंदनला विचारले. "याचं माणूसच नाही."

"चित्र आहे गं ते. तू विंटर टायर्सची अपॉइंटमेंट घेतलीस का?"

एका दुपारी तिने माझी चौकट उघडली आणि उजवीकडच्या कोऱ्या समासात जलरंगाने अंगठ्याएवढी बाई काढली. हिरवी साडी, हातात लाल फडके.

नंदन चिडला. "जयंती, अँटीक आहे ते! वाट लावलीस."

"लावली तर लावली. आता तो पोचेल तरी."

"आणि कुत्र्यांच्या शर्यतीला साडी नेसून कोण येतं?"

"मी येते. तुम्ही धावा."

तेव्हापासून नंदन ऑफिसातून आला, की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हातातले फडके हलवायची. तो बर्फातले बूट काढता काढता हसायचा.

मग जयंती आजारी पडली आणि त्याच हिवाळ्यात गेली. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले होते. सगळे म्हणाले, काही लागलं तर फोन कर. मग सगळ्यांनी आपापल्या गाड्यांवरचा बर्फ झाडला आणि ते निघून गेले. नंदनने एक खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली. संध्याकाळी तो तिथे बसायचा. माझ्या समासाकडे बघायचा.

अस्थी घेऊन तो नाशिकला गेला, तेव्हा मुलगी यामिनी टोरोंटोहून घर आवरायला आली. पोरगी मायेची आहे, मी तिला दोष देत नाही. तिने मला जवळून पाहिले आणि फोनवर नवऱ्याला म्हणाली, "मार्जिनमध्ये कुणीतरी लहान मुलानं पेंट केलंय. बाबा येईपर्यंत क्लीन करून घेते."

जुनी चित्रे साफ करणाऱ्या दुकानात त्यांनी मला ओल्या बोळ्याने पुसले. जलरंग तो, किती टिकणार? आधी फडके गेले, मग साडी.

नंदन परतला. "सरप्राइज, बाबा! लुक, ब्रँड न्यू!" यामिनी टाळ्या वाजवत म्हणाली.

तो माझ्यासमोर गेला. उजव्या कडेवर बोट ठेवून म्हणाला, "इथे... इथे काहीतरी होतं ना?"

"यू मीन तो डाग? इट्स गॉन, बाबा. डोंट वरी."

त्याने तिच्या आनंदी चेहऱ्याकडे पाहिले. "छान केलंस, बाळा," एवढेच म्हणाला. तिला आजही ठाऊक नाही.

आता मला सोनेरी चौकट आहे. घरी येणारे लोक माझी वाहवा करतात. माझ्या आयुष्यात मी इतका सुंदर कधी दिसलो नव्हतो आणि इतका रिकामाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरचा डाग पुसण्याआधी घरातल्या माणसाला विचारा, हा कुणाचा आहे. आम्हाला बोलता येत नाही आणि ज्यांना येते ते बोलत नाहीत.

दर रविवारी नंदन माझी काच पुसतो. पुसून झाली तरी उजव्या कडेपाशी उभा राहतो, फडके हातात धरून. हलवत मात्र नाही.