मंजुरी येईपर्यंत कपाट बंद

सकाळी अकरा वाजता प्लँट मॅनेजर रंगजुळणीच्या खोलीत आले आणि त्यांनी मूळ नमुन्यांचं कपाट उघडायला सांगितलं. विभागप्रमुख बाई नाही म्हणाल्या.

मॅनेजरांच्या मागे दुसऱ्या रंग कंपनीचा माणूस उभा होता. दोन्ही कंपन्यांचं विलीनीकरण वर्षभर रखडलं होतं. इथल्या सरकारने होकार दिला होता. पण जिथे दोघींचा सर्वांत जास्त माल खपतो, त्या परदेशातल्या नियामकाची मंजुरी यायची होती. आलेला माणूस बाईंचा सख्खा धाकटा दीर, तिकडच्या रंगजुळणीचा प्रमुख. मंजुरी आली की दोनपैकी एका खोलीला कुलूप लागणार, हे दोन्हीकडे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ज्या खोलीच्या हाती आधी दोन्हीकडचे नमुने, तीच खोली टिकणार.

कपाटात काळ्या कागदात गुंडाळलेल्या पत्र्याच्या पट्ट्या होत्या, प्रत्येक रंगाची पहिली पट्टी. उजेडाने रंग उडतो, म्हणून त्या वर्षातून एकदाच बाहेर निघत आणि त्यांच्यावरून रोजच्या वापराच्या पट्ट्या बनत.

घरी जेवताना हे वहिनी-दीर भाजीच्या रंगावरही बोलत नसत. सासूबाई म्हणायच्या, "तुमच्यापेक्षा सवती बऱ्या, निदान भांडतात तरी."

"अहो बाई, मंजुरी आल्यातच जमा आहे," मॅनेजर म्हणाले. "शुक्रवारपर्यंत येईल."

"मग शुक्रवारी उघडू."

दारात सामान घेऊन आलेला स्टोअरकीपर रेंगाळला. सगळे त्याला रेडिओ म्हणत. "कसला शुक्रवार! तिकडचं ऑफिस उन्हाळी सुटीवर गेलंय म्हणे."

"काल तर म्हणालास, फक्त शिक्का राहिलाय," बाईंची सहायक म्हणाली.

"कालची बातमी काल खरी होती."

"मला वाटतं, ते नाहीच म्हणणार. दोन्ही कंपन्या एक झाल्या की भाव वाढवतील, ही भीती आहे त्यांना."

"हो म्हणतील गं. पण एक कारखाना विकायला लावतील."

"कुठला?"

रेडिओने खोलीभर नजर फिरवली. मॅनेजरांनी त्याला डोळ्यांनीच बाहेर काढलं.

"वहिनी," दीर खालच्या आवाजात म्हणाला, "मला पाठवलं म्हणून मी आलो."

"भाऊजी, वहिनी मी घरी. इथे तुम्ही स्पर्धक कंपनीचे. बसा, चहा मागवते."

"मी रिकाम्या हाताने परतलो तर तिकडे माझं काय होईल, माहीत आहे ना?"

"कपाट उघडलं तर इथे माझं आणि या खोलीत काम करणाऱ्या पोरींचं जे होईल, तेच."

तो स्टुलावर बसला. मॅनेजरांचा आवाज चढला. "हा थेट वरचा आदेश आहे."

"आपल्याच वकिलांनी सभागृहात सगळ्यांना बसवून सांगितलं होतं. मंजुरी येईपर्यंत नमुने, कृती, भाव, काही तिकडे जाता कामा नये. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. तरी प्रदर्शनाला दोन्ही कंपन्यांची नावं छापलेले डबे पाठवलेत. त्यांचे फोटो परदेशात पोचले आणि नियामकाने खुलासा मागवला. आता पट्ट्याही द्यायच्या?"

मॅनेजरांचे कान लाल झाले. "डब्यांचा विषय मिटलाय. तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते."

"करा. कारण स्पष्ट लिहा: मंजुरी येण्याआधी स्पर्धकाला नमुने दिले नाहीत. तेवढे शब्द बदलू नका."

"आणि मंजुरी आल्यावर?"

"तेव्हा मी स्वतः पट्ट्यांवरचा काळा कागद सोडून देईन. मग खोली बंद करायची तर करा. आज नाही."

सहायक खुर्ची ओढून कपाटाला पाठ लावून बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मॅनेजर तिच्याकडे, मग बाईंकडे बघत राहिले आणि फोन करायला वर निघून गेले.

चहा आला. दिराने कप हातात घेतला. "आज घरी काय सांगायचं?"

"खरं ते. सासूबाईंना एकदा आपलं भांडण बघू दे."

तो हसला, पण उठला नाही. तिकडून फोन येईपर्यंत थांबण्याची त्याला ताकीद होती.

संध्याकाळी वकिलांकडून निरोप आला. परदेशी नियामकाने दोन्ही कंपन्यांना नवे प्रश्न पाठवले होते. मंजुरी की नकार, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. बाईंच्या नावाची कारणे दाखवा नोटीस टाइप होऊन वर गेली होती. कारखाना सुटला तेव्हा तिच्यावर सही झालेली नव्हती, आणि दीर अजून स्टुलावरच होता.