सोबत अर्ज जोडला आहे

मी एक तयार मजकूर बोलतोय. लातूरच्या एका शिकवणी वर्गाच्या कम्प्युटरमध्ये राहतो. कुणाचा ई-मेल आला की मला उघडायचं, वर त्याचं नाव घालायचं आणि पाठवून द्यायचं, एवढंच माझं काम. माणसांना रोज तेच तेच लिहायचा कंटाळा येतो, म्हणून माझा जन्म झाला. त्यांना वाचायचाही कंटाळा येतो, हे मला नंतर कळलं.

माझा जन्म २०१२ च्या मे महिन्यातला. तेव्हा लातुरात दर चौकात डॉक्टर-इंजिनिअर झालेल्या पोरांचे फोटो लागलेले असत. फोटो पोरांचे, पण त्यांच्यापेक्षा मोठा फोटो सरांचा. आमच्या वर्गाचे मालक शेषेराव सर त्यात मागे नव्हते. पण त्यांची एक गोष्ट खरी होती. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गावोगावी पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायच्या, तेव्हा त्यांनी तिथं दोन वर्षं पोरांना शिकवलं होतं. त्या आठवणीनं त्यांनी जाहीर केलं, की ज्या घरातलं माणूस भूकंपात गेलं, त्या घरच्या मुलांना अकरावी-बारावीची शिकवणी मोफत. जागा पंधरा. अर्ज तीस जूनपर्यंत.

चौकशीचे ई-मेल येऊ लागले, तेव्हा मला जेबा मॅडमनी लिहिलं. त्यांच्या वडिलांचं गंजगोलाईजवळ बुक बाइंडिंगचं दुकान होतं. एखादं पान राहिलं तर सगळी वही उसवून परत शिवायची, हे त्या लहानपणापासून बघत आल्या होत्या. त्यांनी मला सहा ओळींत बसवलं. योजना काय, कागद कोणते, तलाठ्याचा शिक्का कुठं. शेवटची ओळ होती : ‘सोबत अर्ज जोडला आहे. भरून परत पाठवावा.’

यात एक गोम होती. कम्प्युटरनं माझा मजकूर साठवला, पण जोडलेला अर्ज काही साठवला नाही. मला पाठवताना तो दर वेळी हातानं जोडावा लागे. मॅडमना हे पहिल्याच दिवशी कळलं. त्यांनी पिवळ्या चिठ्ठीवर ‘अर्ज जोडा’ असं लिहून ती पडद्याच्या कोपऱ्यात चिकटवली. त्यांच्या हातून मी अकरा वेळा गेलो, आणि अकराही वेळा भरल्या हातानं गेलो.

जूनमध्ये मॅडमना मुलींच्या वसतिगृहाचं काम दिलं गेलं. त्यांच्या खुर्चीत व्यंकटराव येऊन बसले. वय पंचेचाळीस, पात्रता सरांचे मेहुणे. पहिल्याच दिवशी त्यांनी ती पिवळी चिठ्ठी काढून टाकली. क्रिकेटचा स्कोअर नेमका त्याच कोपऱ्यात दिसायचा.

त्यानंतर मी एक्केचाळीस जणांकडे गेलो, काहींकडे दोन-तीनदा. दर वेळी ‘सोबत अर्ज जोडला आहे’ असं ठणकावून सांगितलं आणि दर वेळी सोबत काहीच नव्हतं. व्यंकटराव मला पाठवत, दोन्ही हात वर करून आळस देत आणि म्हणत, “लई काम हाय बुवा.” एका बोटाचं ते काम. तेवढ्यावर त्यांना चहा लागायचा.

लोकांनी परत लिहिलं. औसा तालुक्यातल्या पुनर्वसन झालेल्या एका गावातून राजकन्या नावाच्या मुलीनं लिहिलं, ‘सर, अर्ज दिसत नाही. कृपया पाठवा.’ व्यंकटरावांनी ते वाचलं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही व्यंकटरावांना ओळखत नाही. ‘अर्ज’ हा एक शब्द दिसला की ते मला पाठवून मोकळे होत. राजकन्येनं पुन्हा लिहिलं. तिला पुन्हा मीच गेलो. तिसऱ्यांदाही मीच. अर्ज मागणाऱ्या मुलीला तीन वेळा तेच कोरडं उत्तर. मला तोंड असतं तर मी लाजलो असतो. व्यंकटरावांना तोंड होतं, पण ते पान खायला.

तीस जूनला सरांनी विचारलं, “भूकंपाच्या योजनेचे अर्ज किती आले?”

“मॅडम होत्या तवा आलेले तीन. त्याच्यावर एक न्हाई.”

सर खिडकीशी थांबले. “एकोणीस वर्षं झाली. लोक विसरले म्हणायचं,” ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, की उरलेल्या बारा जागा दुसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्या पोरांना देऊन टाका. विसरले म्हणे! लोकांवर विसरल्याचा ठपका ठेवणारा हा माणूस स्वतः चार वर्षांत वर्गात शिकवायला उभा राहिला नव्हता.

दोन जुलैला राजकन्या आईला घेऊन ऑफिसात आली. आईचं नाव नागाबाई. हातात तीन कागद होते, तिन्हींवर मीच.

“ह्यात अर्ज कुठं हाय, तेवढं दाखवा,” नागाबाई म्हणाल्या.

व्यंकटरावांनी मान वर केली नाही. “मुदत संपली. अन् ई-मेल उघडता येत न्हाई पोरीला, तर डॉक्टर कशी व्हायची?”

“मला उघडता येतंय,” राजकन्या म्हणाली. ती मागं सरली नाही. “नेट कॅफेवाल्या दादालाबी दाखवलं. त्यात अर्जच न्हाई.”

“आमच्याकडून गेलाय.”

“माझी सासू अन् दोन नणंदा गेल्या त्या पहाटं,” नागाबाई म्हणाल्या. “ते सिद्ध करायला तलाठ्याकडं चार हेलपाटे मारले, साहेब. तुमचा एक कागद मिळंना!”

वसतिगृहाची यादी न्यायला जेबा मॅडम तेवढ्यात आत आल्या होत्या. त्यांनी नागाबाईंच्या हातातले कागद घेतले. मला वाचलं. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“व्यंकटराव, जरा उठा.”

मॅडमनी व्यंकटरावांच्या काळात गेलेले ई-मेल उघडले. वरून खाली, एकेक. एकाही पत्राला जोडपत्राची खूण नव्हती.

“कम्प्युटरची चूक हाय ही,” व्यंकटराव म्हणाले.

“कम्प्युटरनं चिठ्ठी काढून टाकली काय? तुम्ही करून काय राहिले होते महिनाभर?”

आवाज ऐकून सर केबिनमधून बाहेर आले. व्यंकटरावांचा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं असावं, पण मोठ्या माणसाला कळलेलं लगेच कबूल करता येत नाही. “जागा भरल्या आता,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी ही बारावीत जाईल सर,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी पडद्यावरची नावं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. नाव आणि गाव, नाव आणि गाव. सर म्हणाले, “राहू द्या.” मॅडमनी राहू दिलं नाही. विसाव्या की एकविसाव्या नावाला त्या म्हणाल्या, “केरबा. धाकट्या बहिणीसाठी, सिंधूसाठी लिहिलंय. ‘सर, मी तुमच्या पत्र्याच्या शाळेत पाचवीला होतो.’”

सर खुर्चीत बसले. “पत्रा गरम व्हायचा तेव्हा पोरांच्या डोक्यावर पाणी शिंपडायचा, तो केरबा,” ते म्हणाले. कुणाला म्हणाले, ते कळलं नाही. मग त्यांनी राजकन्येला विचारलं, “सकाळी साडेसहाला येशील?”

“हाव सर.”

“त्या जागा भरल्या, ते खरं. पण ही बॅच वेगळी घेऊ. मी स्वतः शिकवतो.”

मॅडम खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी एक्केचाळीस पत्रं नव्यानं पाठवली, अर्ज जोडून. माझ्यातली ती शेवटची ओळ त्यांनी कायमची खोडली. आता आधी अर्ज जोडतात, मग ती ओळ हातानं लिहितात. मी एका ओळीनं तोकडा झालो. बरं झालं.

एक्केचाळिसांतले चौदा आले. राजकन्या पहिल्या बाकावर बसायची. बाकीचे कुठं कुठं पांगले होते. कुणी आयटीआयला गेलं, कुणी नांदेडला मामाकडं. व्यंकटराव आता वर्गाच्या जाहिरातींचं बघतात. तिथं त्यांनी फोन नंबरातला एक आकडा गाळलाय, असं ऐकतो.

केरबाचंही उत्तर आलं. सरांनी ते उभ्यानंच वाचलं आणि तसेच वर्गावर निघून गेले. पडद्यावर ते तसंच उघडं राहिलं, म्हणून मीही वाचलं : ‘सर, सिंधूचं नाव गावातल्याच कॉलेजात घातलं. तुमची दोन पत्रं आली, कागद आला न्हाई. आम्हाला वाटलं, मोठी माणसं म्हणत असतात, तसं तुम्ही म्हणला असाल.’

मला पाठवायचं तर खुशाल पाठवा. माझ्यासारखे हजारो तुमच्या कम्प्युटरमध्ये पडून आहेत, आम्ही तक्रार करत नाही. फक्त कुणाला ‘सोबत’ म्हणण्याआधी आपला हात रिकामा नाही ना, तेवढं बघत जा.