रोज बरी

मनस्वीने आईच्या बोटाला लावलेला नाडी मोजायचा चिमटा सरळ केला आणि पुन्हा विचारलं, "आई, खरं सांग. छातीत कळ कधीपासून येतेय?"

"आज सकालपासना गो. किती वेला तेच तेच?" यमुनाबाई ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हणाल्या. "तू जेवलीस काय?"

उशाशी उभ्या डॉक्टरांचं समाधान झालं नाही. रत्नागिरीच्या त्या वॉर्डात त्यांनी अशी उत्तरं पुष्कळ ऐकली होती. मनस्वीला बाजूला घेऊन ते म्हणाले, "आज सुरू झाली असेल तर रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन लगेच देतो. जुनी असेल तर त्याचा उपयोग नाही, उलट मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. नक्की कळायला हवं."

"घरच्या मशीनने आज सकाळीही ठीकच दाखवलं होतं," मनस्वी म्हणाली.

मशीन तिचंच. पुण्याच्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षं खपून तिच्या गटाने ते घडवलं होतं. ते रोज सकाळी म्हाताऱ्या माणसांना तब्येत विचारी आणि उत्तर ऐकून हिरवी किंवा लाल खूण पाठवी. माणसं मोकळी बोलावीत म्हणून त्यात घरच्याच कुणाचा आवाज भरायचा, ही कल्पना मनस्वीची. तिचं त्याबद्दल भारी कौतुक झालं होतं. इकडे लांज्याजवळच्या घरात यमुनाबाई अंघोळ करून, धुवट लुगडं नेसून मशीनपुढे बसत, आधी 'जय भीम' म्हणत आणि मग सांगत, मी बरी हाय. पुण्यात हिरवी खूण उमटे आणि लेक निर्धास्त कामाला लागे.

आज फोन करून मनस्वीला पुण्याहून बोलावणाऱ्या आणि यमुनाबाईंना रिक्षात घालून आणणाऱ्या शेजारच्या मालनकाकी खाली बघत पदर पिळत होत्या. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"काकी, तुम्हाला काही बोलली होती?"

"दुखता म्हणायची. कधीपासना ता मना ठाव नाय." काकी अडखळल्या. "मशीनला सांग म्हटला, तर म्हणते, मनूचा आवाज हाय त्यात. लेकीला सकाली सकाली दुखणी कशाला सांगू?"

मनस्वीला स्वतःचा भयंकर राग आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! एवढं संशोधन करून जे कळलं नाही, ते कुंपणापलीकडच्या बाईला ठाऊक होतं.

"काकी, तुम्हीच विचारा," ती म्हणाली. "मी बाहेर गेलेय म्हणून सांगा."

डॉक्टरांना घेऊन ती पडद्याआड उभी राहिली.

"यमुने, मनू च्या प्यायला गेलीय. आता बोल. कधीपासना?"

मास्क बाजूला सारल्याचा आवाज आला.

"गेल्या रविवारी विहारात गेलेली ना, तवापासना. हात पन भरून येता गो. रात्री निजवत नाय."

इतका थकलेला आवाज मनस्वीने आईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. डॉक्टरांनी इंजेक्शन घेऊन थांबलेल्या नर्सला हातानेच नको म्हणून खूण केली.

"मनूला सांगू नको हां, मालन," पलीकडून आई म्हणाली. "येवढी शिकून केलीय तिनं. मी आजारी पडले तर मशीन नापास होयल तिची."